नाव शाळेत, लेकरू घरी: ख्रिस्ती पालकाने काय करावं?

सेलूच्या एका ताईंनी विचारलं आहे: "आम्ही ख्रिस्ती कुटुंब. नऊ वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी, दोघांना यंदा जूनपासून घरीच शिकवतो आहोत. शाळाबाह्य मुलांची नोंद करायला जिल्हा परिषद शाळेच्या बाई येऊन गेल्या. मी घरी नव्हते. गुरुवारी परत येणार आहेत. मंडळीतले (चर्चमधले) एक भाऊ म्हणतात, ओळखीच्या शाळेत नाव टाकून ठेवा, हजेरी ते लावतील, परीक्षेपुरतं पाठवा, सगळेच करतात. मनाला पटत नाही, पण भीतीही वाटते. हे प्रामाणिकपणे कसं निभवायचं?"

ताई, सलाम.

तुमच्या मंडळीतल्या भावांनी जे सुचवलं, ते मी करून बसलेली आहे. म्हणून उत्तराची सुरुवात माझ्याच घरापासून करते.

आम्ही जालन्याचे. तीन लेकरं, सोळा वर्षं घरी शिकवलं. थोरला आता कॉलेजात आहे, मधली आठवीला शाळेत गेली, धाकटा अजून माझ्यासोबत घरीच बसतो. थोरला सात वर्षांचा होता तेव्हा मलाही एकाने असंच सांगितलं. एका अनुदानित शाळेत ओळख होती. अर्ज भरला, आधार दिलं, सही केली, काम झालं. फी नाही, काही नाही. लेकराला फक्त शाळेचं नाव सांगून ठेवलं, कुणी विचारलं तर असावं म्हणून.

सहा-सात महिन्यांनी एका दुपारी आम्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात उभे होतो. दुकानदार साखर जोखता जोखता सहज म्हणाला, "काय रे, कोणत्या शाळंत जातोस? आज सुट्टी हाय का?" पोराने शाळेचं नाव सांगितलं. दुसरीत आहे म्हणाला. बाईंचं नाव सांगितलं. आज बाईंची मीटिंग आहे म्हणून लवकर सोडलं, असंही सांगितलं. एका दमात, न अडखळता. मी त्याला फक्त शाळेचं नाव शिकवलं होतं, बाकी सगळं त्याने स्वतः रचलं. आणि बोलून झाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. पाढा बरोबर म्हटल्यावर बघायचा ना, अगदी तसंच.

ताई, ती नजर मी अजून विसरले नाही. आम्ही त्याला घरी ठेवलं होतं ते कशासाठी? बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय तसं, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना देवाचं वचन त्याच्या कानावर पडावं म्हणून. आणि वाटेने चालताना त्याच्या कानावर माझं खोटं पडत होतं.

त्या दिवसांत रात्रीच्या उपासनेत आम्ही बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक क्रमाने वाचत होतो. अकरावा अध्याय आला. पहिलंच वचन तराजूचं आहे, खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो. लेकरांचे पप्पा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडतीवर मुनीम आहेत. काटा मारणं म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको. त्यांनी ते एक वचन वाचलं आणि पुढे वाचलंच नाही. लेकरं झोपल्यावर आम्ही दोघं बराच वेळ बोललो. त्या आठवड्यात मी नाव काढायला शाळेत गेले.

नाव काढताना मला जे कळलं, ते तुम्हाला सांगणं गरजेचं आहे. नाव घालायला एक दिवस लागला होता, काढायला दोन महिने लागले. तिथले सर चिडले नाहीत, पण काकुळतीला आले. पट कमी झाला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षकाचं पद जातं, हे त्यांनी मला सांगितलं. म्हणजे माझं लेकरू त्यांच्या हिशेबात एक आकडा होतं. मग मी घरी येऊन वहीत मांडलं. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरावी असा नियम आहे. पोषण आहारात या वयाच्या एका मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य धरतात. २०० दिवसांचे झाले २० किलो. हजेरी लागत होती, म्हणजे माझ्या मुलाच्या नावावर वर्षाला वीस किलो तांदूळ हिशेबात चढत होता. त्याने त्यातला एक घास खाल्ला नव्हता. "कुणाचं काय नुकसान होतंय?" असं मी तोवर स्वतःला समजावत होते. दुष्काळी भागात राहून वीस किलो तांदळाला काही नाही म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही.

मराठवाड्याला तर हे नवीनही नाही. नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना त्यांनी एकाच वेळी शाळांमधली डोकी मोजली आणि कागदावरची मुलं वर्गात नाहीत हे उघड झालं. पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. तेव्हा आपल्याकडच्या लोकांनी संस्थाचालकांना नावं ठेवली, आणि ते बरोबरच होतं. पण त्या नावांमागे कुठे ना कुठे सही करणारे आईबापही होते.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट देते: नाव टाकू नका. टाकलं असेल तर काढून घ्या.

आता भीतीचं बोलू. घरी शिकवणाऱ्या काही पालकांकडून मी ऐकते की "आपल्याकडे हे पूर्ण कायदेशीर आहे, बिनधास्त राहा." हेही पूर्ण खरं नाही, आणि ते सांगून मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, असं त्याचं दहावं कलम सांगतं. त्याच वेळी या कायद्यात पालकाला दंड किंवा शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरच्या शिक्षणाबद्दल तो काहीच बोलत नाही. घटनेतही २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने मुलाला शिक्षणाची संधी देणं हे आईबापाचं कर्तव्य म्हणून घातलं आहे. तर आपण अशा जागी उभे आहोत जिथे कायद्याने स्पष्ट परवानगी दिलेली नाही आणि शिक्षाही ठेवलेली नाही. ही जागा अवघड आहे. पण तिथे उभं राहून आपण कुठे उभे आहोत हे खरं सांगता येतं. प्रभूने शिष्यांना होयला होय आणि नाहीला नाही म्हणायला सांगितलं (मत्तय ५:३७), ते अशाच जागेसाठी, असं मला वाटतं. सोप्या जागी खरं बोलायला शिकवण लागतेच कशाला?

माझ्याकडे बाई आल्या होत्या तो प्रसंग सांगते. मे महिना, दुपारचे साडेबारा. डोक्यावर पदर, हातात रजिस्टर, पायात धुळीने भरलेली चप्पल. सुट्टीतसुद्धा त्या घरोघर फिरत होत्या. पहिलं म्हणजे त्यांना आत बोलावलं, पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. सर्वेक्षणाला येणारी बाई ही आपली शत्रू नाही, हे मनात पक्कं करा. वीटभट्टीवरचं, ऊसतोडीला गेलेलं, धुणीभांडी करणारं लेकरू शाळेत यावं म्हणून ती फिरते. आपल्या बीड-जालन्याच्या पट्ट्यातून दरवर्षी किती कुटुंबं कोयता घेऊन बाहेर पडतात आणि लेकरं बैलगाडीत बसून जातात, हे तुम्हालाही दिसतं. ती बाई आपल्या दारी येते म्हणूनच त्यातल्या एखाद्या लेकराचंही दार वाजतं.

त्यांनी विचारलं, "किती लेकरं? कोणत्या शाळेत?"

मी म्हणाले, "तीन. शाळेत कुणीच नाही. आम्ही घरी शिकवतो."

"म्हणजे काढून घेतलंय?"

"हो."

त्यांनी पेन वर धरलं. "मी काय लिहू मग? रकाना नाहीये असा."

"जे आहे ते लिहा. शाळाबाह्य लिहावं लागत असेल तर तसं लिहा. शेरा लिहायची सोय असेल तर पालक घरी शिकवतात असंही लिहा."

शाळाबाह्य हा शब्द स्वतःच्या लेकरासमोर लिहिला जाताना बघणं सोपं नव्हतं. मी एम.ए. झालेली, घरात पुस्तकांचं कपाट, आणि लेकरू शाळाबाह्य. पण त्या रकान्यात दुसरं काही लिहून घेतलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. आठवड्याने केंद्रप्रमुख आले. थोरल्याला वाचायला दिलं, मधलीला भागाकार घातला, माझ्या वह्या चाळल्या. "वय वाढेल तसं प्रमाणपत्राचं काय करणार?" हा प्रश्न त्यांनी विचारला आणि तो रास्तच होता. माझ्याकडे उत्तर तयार होतं म्हणून बोलणं नीट झालं. तुमच्याकडे प्रत्येक जण इतक्या समजुतीने येईल अशी हमी मी देत नाही. एखादा अधिकारी दाखल कराच म्हणून ठाम राहिला तर भांडणाऐवजी लेखी मागा, वेळ मागा, आणि खरंच दाखल करायची वेळ आली तर खरंखुरं दाखल करा, लेकराला दप्तर देऊन पाठवा. कायद्याच्या चौथ्या कलमाने वयाप्रमाणे वर्ग मिळतो. विश्वास शाळेच्या फाटकात गळून पडत नाही. मंडळीतल्या बहुतेक लेकरांचा पडलेला नाही.

प्रमाणपत्राचं आता थोडक्यात. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, हा बहुतेकांचा रस्ता. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे तीन टप्पे आहेत, आणि चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. मराठी माध्यमही आहे. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी, आठवी, दहावी, बारावीच्या परीक्षा आहेत. आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी असतो तो सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बोर्डाच्या दहावी-बारावीला बाहेरून बसायचा अर्ज, पण त्याला आधीच्या शाळेचा दाखला लागतो. तुमचा मुलगा शाळेत गेलेला आहे, तर त्याचा दाखला आत्ताच रीतसर काढून जपून ठेवा. मुलीचाही.

एनआयओएसच्या दहावीला आधीचा दाखला नसला तरी चालतं. मूल हा अभ्यासक्रम करण्याइतकं शिकलेलं आहे, असं स्वतःच लिहून द्यायचं असतं. थोरल्याच्या वेळी तो कागद भरताना मी खूप वेळ पेन धरून बसले. देशाची एवढी मोठी संस्था तुमच्या शब्दावर विश्वास ठेवते. वर्षानुवर्षं आपण घरात जे केलं त्याला तिथे आपल्याशिवाय दुसरा साक्षीदार नाही. आणि लगेच पुढच्या पायरीला मोह उभा असतो: टीएमए, घरून लिहून द्यायचे स्वाध्याय. त्यांना २० टक्के वजन. बाजारात ते लिहून तयार मिळतात, आया रात्री बसून लेकराच्या अक्षरासारखं अक्षर काढतात. मी हे पाहिलेलं आहे, आणि त्या आया मंडळीतल्याच होत्या. आपण लातूर-नांदेडच्या कॉलेजांना नावं ठेवतो की पोरं क्लासला आणि नाव कॉलेजला, बोर्डाच्या परीक्षेत भिंतीवर चढून कॉपी पुरवणाऱ्यांचे फोटो बघून हळहळतो. मग घरच्या टेबलावर बसून आपण तेच केलं तर? थोरल्याचे स्वाध्याय त्याने स्वतः लिहिले. विज्ञानात कमी मार्क पडले. पडू दिले.

वही ठेवा. रोजची. कुणाला दाखवायला नव्हे, स्वतःला फसवता येऊ नये म्हणून. माझी जुनी वही उघडली तर एका उन्हाळ्यात सलग चार दिवस लिहिलं आहे, "आकारमान मोजणे, प्रत्यक्ष कृती." झालं होतं असं की अकरा दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, मग एक टँकर, आणि आम्ही सगळे हंडे घेऊन पळत होतो. पहिल्या दिवशी खरंच थोरल्याला बसवून विचारलं होतं, पिंप २०० लिटरचं आणि हंडा १५ लिटरचा, तर किती हंडे? तेरा भरतात आणि चौदावा थोडा घालावा लागतो, हे त्याने करून पाहिलं. तो धडा होता. उरलेले तीन दिवस नुसतं पाणी भरलं, आणि मी त्यालाच गणिताचं नाव दिलं. नंतर खोडलं आणि लिहिलं, "पाणी भरलं. अभ्यास झाला नाही." घरी शिकवणाऱ्यांमध्ये ही सवय फार आहे. पोळ्या लाटल्या की भूमिती, बाजारात गेलं की अर्थशास्त्र. कधीकधी असतं ते खरं. रोज नसतं. वहीत "झालं नाही" असे दिवस दिसले नाहीत तर ती वही विश्वासाची नाही.

पुस्तकांचं एक दुखणं आहे, ते बहुतेक जण बोलत नाहीत. ख्रिस्ती होमस्कूलिंगचा अमेरिकेतला अभ्यासक्रम महाग असतो. मग कुणीतरी एक विकत घेतं आणि पीडीएफ व्हॉट्सॲपवर सगळ्यांकडे फिरते. मुखपृष्ठावर वचन छापलेलं, आत चोरीची प्रत. मीही दोन वर्षं तसल्याच प्रतींवर शिकवलं आणि "प्रभूने पुरवलं" अशी साक्षही दिली. आज ते आठवून मला लाज वाटते. प्रभूने पुरवलं नव्हतं, मी घेतलं होतं. परवडत नसेल तर वापरू नका. बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आणि हक्काने मिळतात, छापील घेतली तरी स्वस्त पडतात. गणित आणि विज्ञानासाठी मला त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही सापडलं नाही. पवित्र शास्त्र घरात आहेच. एवढ्यावर लेकरू शिकतं.

त्या परक्या पुस्तकांनी दुसरंही नुकसान केलं होतं. माझ्या मधलीला आठव्या वर्षी अमेरिकेतले सुरुवातीचे वसाहतवाले कोणत्या जहाजाने आले ते सांगता येत होतं, पण १७ सप्टेंबरला आपल्याकडे झेंडा का लागतो हे माहीत नव्हतं. १९४८ साली निजामाच्या राज्यातून मराठवाडा मुक्त झाला, तिच्या पणजोबांनी रझाकारांचे दिवस पाहिले होते, आणि तिला ठाऊक नव्हतं. मग आम्ही पैठणला गेलो. नाथांनी रामेश्वराला न्यायची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ओतली ती गोष्ट गोदावरीच्या काठावर बसून सांगितली. पोरीने विचारलं, "मम्मी, कावड म्हणजे काय?" मराठवाड्यातल्या लेकराने हे विचारावं याचं मला वाईट वाटलं.

काही पालक मला म्हणतात, ख्रिस्ती घरात संतांच्या गोष्टी कशाला? मी सांगते, शेजाऱ्यावर प्रीती करायची तर शेजारी कशावर प्रीती करतो ते कळायला हवं. आणि शेजाऱ्याच्या श्रद्धेचं विकृत चित्र रंगवून आपली श्रद्धा लेकराला शिकवली तर तीही खोट्या साक्षीतच मोडते. उलट बाजूनेही हेच. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं ते आम्ही अभिमानाने शिकवतो. मग गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्माच्या नावाने लोकांची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० ला सुरू झालेलं आणि १८१२ ला संपलेलं, तेही शिकवतो. थोरला बारा वर्षांचा असताना ते वाचून गप्प झाला आणि म्हणाला, "हे आपल्या लोकांनी केलं?" मी "हो" म्हणाले. दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकता व उत्क्रांतीचा पाठ आहे, तोही पूर्ण करून घेतला. पाठ्यपुस्तक काय म्हणतं, शास्त्रज्ञ कशाच्या आधारावर म्हणतात, आपण उत्पत्तीचं पुस्तक कसं वाचतो, मंडळीतच यावर किती वेगवेगळी मतं आहेत, सगळं टेबलावर ठेवलं. लपवलेलं लेकराला बाहेर कुणीतरी सांगणारच असतं, आणि ते कळलं की आईने सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवरही त्याला शंका येते.

मंडळीतलं वागणं. तिथे मी सर्वात जास्त चुकले, म्हणून थोडं रेंगाळते. घरी शिकवायला लागलं की आपल्याला वाटू लागतं, आपण काही विशेष पवित्र केलं. साक्षीला उभं राहिलं की लेकराला शंभर वचनं पाठ आहेत हे सांगितलं जातं, सकाळी त्याच लेकरावर ओरडलेलं सांगितलं जात नाही. शाळेत घालणाऱ्या आईला आपल्या बोलण्यातून टोचणी बसते. एकदा मी म्हणून गेले, "शाळेत लेकरं जगाची होतात." मागच्या बाकावर एक म्हाताऱ्या आजी होत्या. उपासना सुटल्यावर त्यांनी माझा हात धरला. त्या मिशनच्या बोर्डिंगात शिकल्या होत्या, मग नर्स झाल्या. म्हणाल्या, "माय, मला अक्षर शाळेनं दिलं. बायबल वाचता आलं ते त्याच्यामुळं." मी काय बोलणार? आपल्या समाजातल्या किती घरांत पहिलं अक्षर मिशनच्या शाळेतून आलं. आजही मंडळीतल्या निम्म्या बाया जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवतात. त्यांच्यासमोर शाळेला सैतानाचं घर म्हणणं कृतघ्नपणा आहे. पुढच्या रविवारी उभी राहून मी माफी मागितली.

घरातलाही एक हिशेब आहे. "आम्ही घरी शिकवतो" असं दोघं म्हणतात, शिकवत एकटी आई असते, आणि तिच्याकडे स्वयंपाक, धुणं, सासूबाईंच्या गोळ्या सगळं तसंच. तुमच्या घरी कसं आहे ते तुम्हीच बघा. आमच्याकडे पप्पांनी मोंढा बंद असतो त्या दिवशी गणित घ्यायचं कबूल केलं, आणि जे आठवडे त्यांनी घेतलं नाही ते वहीत तसेच आहेत.

जातीच्या रकान्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पंधराव्या वर्षी फॉर्म भरताना तो समोर येणारच. आपल्याकडे अनेक घरांत प्रार्थना ख्रिस्ती आणि कागद हिंदू, असं दोन पिढ्या चालत आलं आहे. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं, आणि तो बोलून दाखवावा असंही वाटतं. ज्यांनी गरिबीत वेगळा कागद केला त्यांना दगड मारायला मी उभी राहणार नाही. फक्त लेकराला अंधारात ठेवू नका. त्याच्या कागदावर काय आहे, का आहे, आणि खरं काय आहे, हे त्याला तुमच्या तोंडून कळू द्या. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना राज्यात इतर मागासवर्गाचा दाखला मिळतो, त्याची चौकशी वेळेत करा.

दर जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, प्रत्येक लेकराला एकेकटं बसवून विचारा: यंदा घरी की शाळेत? आणि उत्तर शाळा असं आलं तर चेहरा पडू देऊ नका. माझ्या मधलीने तेराव्या वर्षी शाळा म्हटलं. मी रडले, तिच्यासमोर नाही. वयाप्रमाणे आठवीत घेतलं. हिंदीत मागे होती, बाकी जमलं. तिने मला नंतर सांगितलं की दोन वर्षं तिच्या मनात होतं, पण मला वाईट वाटेल म्हणून बोलली नव्हती. म्हणजे त्याआधीच्या दोन जूनमध्ये मी विचारलं होतं, पण अशा आवाजात की तिला एकच उत्तर देता यावं.

आता गुरुवार. दाखले, आधार, तुमची रोजची वही, दोघांच्या चालू वह्या एका पिशवीत काढून ठेवा. पुढे कोणती परीक्षा, कोणत्या वयात, हे एका कागदावर मराठीत लिहून सही करून ठेवा, बाईंना द्यायला एक प्रत जास्तीची. त्या भावांना आधीच फोन करून सांगा की नाव टाकायचं नाही, म्हणजे ऐनवेळी ते मदत म्हणून मध्ये बोलणार नाहीत. आणि बाई आल्या की मुलाला आतल्या खोलीत पाठवू नका, ताई. त्याला तुमच्या शेजारी बसू द्या. तुम्ही काय उत्तर देता ते त्याला ऐकू द्या.